तीस किलोमीटर मारा म्हणे!

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. म्हणून सकाळी सहाला आमच्या चौकातून सायकल रॅली निघाली. कोल्हापूरपर्यंत जाणार आहेत. जाऊ देत, आनंदच आहे. पण झेंडा दाखवायला आलेले पाहुणे माइक हातात घेऊन काय म्हणाले? "रोज तीस किलोमीटर सायकल मारा, डिप्रेशन जवळ फिरकणार नाही. गोळ्या कमकुवत मनाच्या लोकांना लागतात." आणि टाळ्या! हेल्मेट घातलेल्या, शिकल्यासवरल्या माणसांच्या टाळ्या!!

डोकं फिरलं माझं.

याच रस्त्यावर, मागे अशाच एका जनजागृतीच्या राइडला, खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याच्या अलीकडे आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो होतो. माझ्या जर्सीच्या पाठीवर 'मानसिक आजार लपवू नका' असं छापलेलं. टपरीवाले दादा बाकीचे सायकलवर बसेपर्यंत नुसते ग्लास विसळत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, गोळ्या बंद केल्या की परत होतं का ओ?"

त्यांची बहीण. बाळंतपणानंतर तिला आवाज ऐकू यायला लागले. आधी 'बाहेरचं आहे' म्हणून देवऋषी, अंगारे, लिंबू, सगळं झालं. मग कुणीतरी साताऱ्याला सिव्हिलमध्ये न्यायला लावलं. गोळ्यांनी पोरगी माणसात आली. तेवढ्यात सासरचे म्हणाले, झाली की बरी, आता कशाला गोळ्या?

तिला सांगा तीस किलोमीटर मारायला. सांगा ना.

व्यायामाने बरं वाटतं, मान्य. डॉक्टरही सांगतात. आणि पाठीवर ती ओळ नसती तर दादांनी मला विचारलंच नसतं, हेही खरं. पण बीपीची गोळी घेणाऱ्याला कुणी कमकुवत म्हणतं का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांनासुद्धा मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावलाय. नाइलाजाने का होईना, त्यांना कळलं. पाहुण्यांना नाही.

दादांना मी एवढंच सांगू शकले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका, तिला परत सिव्हिलला न्या. ते मान हलवत ऐकत होते. अजून काहीतरी विचारायचं होतं त्यांना, दिसत होतं. आणि पुढून आमचे लीडर शिट्ट्या मारतायत, ॲव्हरेज स्पीड पडतोय म्हणून!

अहो, ब्रेव्हेला, म्हणजे वेळेच्या मर्यादेतल्या लांब पल्ल्याच्या राइडला, २०० किमी साडेतेरा तासांत संपवायचे असतात, तिथे बघा की घड्याळ. जनजागृतीच्या राइडला कसला ॲव्हरेज? स्ट्राव्हा ॲपवर आकडे टाकायला? ज्या माणसासाठी निघालात तो टपरीवर ग्लास विसळतोय, आणि तुम्हाला पुढचा घाट दिसतोय.

रॅलीवाले बरेच जण माझ्या यादीत आहेत, रागावतील. रागवा. पण पुढच्या वेळी जर्सीवरचे दोन-चार लोगो कमी करून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ तेवढा मोठ्या अक्षरात छापा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. आणि झेंडा दाखवायला सिव्हिलच्या मानसोपचार विभागातल्या एखाद्या सिस्टरना बोलवा. माइकही त्यांनाच द्या.