50 हजारांवर सही करायची का?

दिलीपच्या आईला, म्हणजे आमच्या काकींना, भाजी घेऊन परतताना एका मोटारसायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, रॉड बसला. गाडीवरचा पोरगा पळाला नाही, त्यानंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आता त्याचे चुलते 50 हजार रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन आलेत. त्यावर लिहिलंय, 'आमची काही तक्रार नाही, यापुढे कोणताही दावा करणार नाही.' सही करायची की नाही यावर कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा रात्री चांगलेच आवाज चढले. असा कागद उद्या कुणाच्याही दारात येऊ शकतो, म्हणून लिहितोय.

इकबाल म्हणाला, करून टाक सही. तो रिक्षा चालवतो, चालवणाऱ्याची बाजू त्याला कळते. "पोरगं थांबलं की रं. हल्ली थांबतंय कोण? त्याच्यावरच केस घातली तर उद्या कोण थांबंल? आणि काकी झेब्रावरनं न्हवत्या, दुभाजकाच्या फटीतनं आल्या, हे बी खरं हाय."

बापूंचं म्हणणं वेगळं. "कोर्टात वर्षं जात्यात. वकील टक्केवारी घेतोय. हातात आलंय ते घ्या."

सुहास अपघाताचे दावे चालवतो. त्यानं वाद घातलाच नाही, आधी गाडीचा नंबर मागितला. दिलीपकडे फोटो होता. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला, तर विमा चालू. "संपलं," सुहास म्हणाला. "पैसे पोराच्या घरातनं जाणार नाहीत, विमा कंपनी देणार. थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो रस्त्यावरच्या परक्या माणसासाठीच. काकी म्हणजे तोच माणूस."

मला वाटतं आपल्याकडचे निम्मे दावे इथेच मरतात. भरपाई मागणं म्हणजे सूड घेणं, असं आपण धरून चालतो. भल्या घरातल्या माणसांना तर ते फारच लागतं.

इकबाल ऐकेना. "आणि पोलीस केस?" सुहासनं सांगितलं की फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. पोराला शिक्षा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही, असं काही नाही. राहिला झेब्रा. काकींची चूक 20 टक्के ठरली तर रकमेतून 20 टक्के कापतील, अख्खा दावा उडत नाही. आणि चूक होती हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. इथे मलाही राहवलं नाही. त्या रस्त्यावर पट्टे पुसलेत, फूटपाथवर गाड्या लागतात. चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये सांगितलंय. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. तरी प्रत्येक वेळी पहिला प्रश्न पायी चालणाऱ्यालाच, तू मध्ये कशाला आलास?

बापू म्हणाले, "पळून गेला असता तर हे 50 हजार तरी कुठनं मिळालं असतं?"

"मिळाले असते की," सुहास म्हणाला. "गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला 50 हजार मिळतात, मृत्यू झाला तर 2 लाख. एप्रिल 2022 पासून हाच आकडा आहे. म्हणजे नंबर, विमा, चालक सगळं हातात असताना आपण बेपत्ता गाडीचा दर घ्यायला निघालोय."

यावर कुणी काही बोललं नाही. मग दिलीपनं विचारलं, "पण आईला पगार कुठाय?" काकी विद्यार्थ्यांचे डबे करतात, पावती ना वही. सुहासनं मोबाईलवर हिशोबच मांडला. समज, न्यायाधिकरणानं, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टानं, कमाई महिना 10 हजार धरली. वर्षाचे 1,20,000. स्वतःचा धंदा आणि वय 53, म्हणून पुढच्या वाढीचे 10 टक्के, झाले 1,32,000. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायचं; या वयाला गुणक 11. आणि कमाईची क्षमता 25 टक्के गेली असं ठरलं, तर 3 लाख 63 हजार. दवाखान्याचा खर्च, सांभाळायला ठेवलेली बाई, सोसलेल्या वेदना हे सगळं वेगळं. त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं. डॉक्टर पायाचे किती टक्के लिहितात, एवढ्यावर हे ठरत नाही. त्या पायानं काकींना चुलीपुढे तासन्‌तास उभं राहता येईल का, हे बघायचं असतं. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे, पण ते स्वीकारले की मोठा दावा संपतो. म्हणून घाई नको, असं तो म्हणाला.

खरी अडचण नंतर निघाली. दवाखान्याच्या केसपेपरवर 'घरात पाय घसरून पडल्या' असं लिहिलंय. पोलिसांची भानगड नको म्हणून त्या पोराच्या चुलत्यांनी तसं सांगितलं आणि दिलीप त्या गडबडीत गप्प बसला. सुहास एवढा चिडलेला मी कधी बघितला नव्हता. "कंपनीचा वकील पहिला हाच कागद काढणार. मोटारसायकलनं धडक दिली, एवढं वाक्य त्यावर असतं तर निम्मं काम झालं असतं." उपाय आहे, पण वाट चढाची आहे. आताच पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यायचा, उशीर का झाला ते खरं सांगायचं, नेणारा रिक्षावाला आणि भाजीवाली यांना साक्षीदार करायचं, समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही पुसलं जाण्याआधी मागायचं. निव्वळ एफआयआर उशिरा झाली म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलंय. एकदा नोंद झाली की पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तरी त्यांच्या भरवशावर बसू नये, पाठपुरावा आपणच करावा. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज, ही मुदतही 2022 पासून परत आलीय. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण निकाल काय लागेल याची वाट काकींनी कशाला बघायची?

टक्केवारीवर बापूंना उत्तर मिळालं. निकालावर टक्के ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. शिवाय स्त्री म्हणून काकींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. वेळ लागतो, हे मात्र सुहासनं नाकारलं नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर लवकर सुटतं. आणि अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

"हे सगळं काकींना विचारलंस का?" बापूंनी एकदम दिलीपला विचारलं. नव्हतं विचारलं. जखमी त्या, दावा त्यांचा, कागदावर सही लागणार तीही त्यांचीच, आणि तासभर आम्ही पुरुषच बोलत होतो. दिलीप म्हणाला, आईचं एकच म्हणणं आहे, त्या पोराला माझ्यामुळं त्रास नको.

"मग तिला विम्याचं सांगायला मी येतो," इकबाल म्हणाला. "आणि पोराला बी मीच भेटतो. कागद परत ने आणि तुझ्या कंपनीला अपघात झाला म्हणून कळव, असं सांगतो." सुहासनं मान डोलावली. कंपनीला कळवणं ही पॉलिसीची अटच असते, पोराच्याही फायद्याची. काकींनी हो म्हटलं, तर सकाळी दहाला दिलीप आणि सुहास पोलीस ठाण्यात जाणार आहेत.