‘आपल्याकडे सायकल चालूच शकत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला, तुम्हालाही आला असेलच. हॉलंडवाल्यांच्या रक्तातच सायकल आहे, तिथं थंडी आणि सपाट जमीन, आपल्या ४५ डिग्रीत सायकल म्हणजे जिवाशी खेळ, गुडघे झिजतात, आणि पोरांना सायकल देऊ नका, ट्रकखाली जातील. तो वाचून वहिनीनं आठवीतल्या पुतणीची सायकल जिन्याखाली टाकून दिली, म्हणून लिहितोय.

गुडघ्याचं आधी उरकतो. सीटची उंची नीट लावा, बस. गुडघ्याच्या कितीतरी पेशंटला डॉक्टर स्वतः सायकल मारायला सांगतात.

सपाट जमीन पाहिजे? जळगाव ते भुसावळ कुठला घाट लागतो भाऊ?

ऊन, हे अर्धं खरंय, मान्य. मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळात सायकल काढा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, मे महिन्यात तर सुट्टीच. आणि स्पेनमधलं सेव्हिल बघा, उन्हाळ्यात तिथंही पारा ४० च्या वर जातो, सायकल जवळपास कुणी चालवत नव्हतं. २००६ पासून त्यांनी पार्किंगच्या जागा काढून ८० किलोमीटरचे सलग, गाड्यांपासून वेगळे केलेले सायकल रस्ते पटापट बांधले आणि थोड्याच वर्षांत सायकलवाले कितीतरी पटीनं वाढले. ऊन तेच होतं, रस्ता बदलला.

आता ते ‘रक्तात’ आणि ‘पोरांना देऊ नका’. मला सगळ्यात जास्त राग याचाच आलाय, कारण हॉलंडची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९५०-६० नंतर तिथंही मोटारी वाढल्या, सायकली भराभर कमी झाल्या, शहरातले चौक पार्किंगनं भरले. १९७१ साली रस्त्यावर ३ हजारांवर माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त लेकरं. तेव्हा आईबापांनी सायकली जिन्याखाली नाही टाकल्या, ते रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. १९७३ ला तेलाची टंचाई आली, त्यानं आणखी जोर आला, मग सरकारनं सायकलीचे वेगळे रस्ते केले, वस्तीतल्या गल्ल्यांत गाड्यांचा वेग उतरवला. आज दिसतं ते रक्तातलं नाही, भांडून मिळवलेलं आहे.

वहिनीची भीती खोटी नाही. जळगावात हायवे गावाच्या मधून गेलाय आणि पोरीला तो ओलांडावा लागतो, पहिल्या दिवशी तिच्यासोबत गेलो तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. पण उद्या तिला स्कुटी दिली तरी तेच ट्रक समोर येणार ना?

वहिनी, सायकल बाहेर काढा. हायवे पार होईपर्यंत रोज सकाळी मी सोबत जाईन. शाळेच्या वेळेत त्या चौकात पोलीस पाहिजे असा अर्ज लिहून ठेवलाय, गल्लीतल्या आईबापांच्या सह्या घ्यायच्यात, पहिली तुमची करा.