भाडेकरू घरात सिगारेट ओढतोय? बोलू मात्र नका!

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला वरचा मजला भाड्यानं देणाऱ्या समस्त काकांनो, "घरात सिगारेट चालणार नाही" ही अट नेहमी तोंडीच ठेवावी. पोरगं "हो काका" म्हणतं, विषय संपतो. कागदावर घेतलं की संबंध बिघडतात.

1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा म्हणतो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर 3 महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर आणखी गंमत: असा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. म्हणजे उद्या तो "सिगारेटचं काही बोलणंच झालं नव्हतं" म्हणाला की तुमचं तोंड बंद. पण असल्या खोलात शहाण्यानं शिरू नये. करार केलाच, तर मागच्या भाडेकरूचा काढून त्यात फक्त नाव बदलावं. गच्चीवर हळद वाळत घालू नये, हे त्यात असतंच. बाकीचं आपण समजून घ्यायचं.

यथावकाश वास येईल. थेट विचारू नका. जिन्यात उभं राहून खोका, मोठ्यानं. काकूंना साबुदाण्याची खिचडी देऊन वर पाठवा आणि परत आल्यावर उलटतपासणी घ्या. त्या सांगतील: बाथरूमच्या झरोक्याच्या काचेवर राख, आणि खिडकीत पाण्याची बाटली निम्मी कापून ठेवलेली. तळाशी चहासारखं पाणी, त्यात थोटकं फुगून तरंगतायत. पोरगं म्हणेल, "मित्र आला होता काका." हा मित्र सांगलीतल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीत येऊन जातो. सिगारेट ओढतो, फरशीवर डाग पाडतो, रात्री मोठ्यानं गाणी लावतो. अजून कुणाच्या नजरेला पडलेला नाही.

आता तुमचं रक्त तापेल. "पोलिसात देतो" म्हणा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे, पण तुमच्या वरच्या मजल्याची झोपायची खोली सार्वजनिक ठिकाण नाही. हवालदार ते सांगेलच, आणि जाता जाता विचारेल, "भाडेकरूची माहिती ठाण्यात दिलीय का?" तेव्हा घड्याळाकडे बघून निघा.

मग पाण्याची मोटर बंद करायचं सुचेल. तोच 1999 चा कायदा पाणी-वीज तोडायला मनाई करतो, पण कायदा आपल्या सोयीपुरताच आठवावा.

संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसून तुम्ही जी ओढता, तिचा इथं संबंध नाही. ती सवय. त्याचं ते व्यसन. तुमचा धूर सरळ त्याच्या खिडकीत जातो ही वाऱ्याची चूक.

अकरा महिने संपले की तो जाईल. भिंती पिवळसर, पडद्यांना हात लावला की चिकट. रंगारी जाणता असेल तर म्हणेल, "काका, आधी भिंती धुऊन घेऊ, मग डाग दाबणारा प्रायमर मारू. नुसता रंग दिला तर निकोटीनचे डाग वर येतात." त्याला काय कळतंय? पैसे काढायचा धंदा. "एकच हात मार, ऑफ-व्हाइट." पावसाळ्यात ओल धरली की भिंत पुन्हा चहाच्या रंगाची होईल आणि वासही येईल. तेव्हा रंगाच्या कंपनीला शिव्या द्या.

डिपॉझिट अर्थातच कापायचं. रंग तर कापाच, सोबत त्याच्या आधीपासून तडा गेलेलं बेसिन आणि बंद पडलेला गीझरही त्यातच धरा. राहायला आला तेव्हाचे फोटो तुम्ही काढले नव्हते, त्यानंही नाही. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचा हिशेब खरा.

यावर पोराचे वडील जतहून गाडी काढून येतील. पांढरा शर्ट, बोलायला गोड. चहा होईल, पाऊसपाण्याचं होईल, ऊसदराचं होईल. डिपॉझिटचा विषय निघायच्या आधी ते आरामात खिशातून पाकीट काढून एक शिलगावतील, तुमच्याच हॉलमध्ये. आता पाहुण्या माणसाला कसं म्हणायचं? आतून एक बशी आणून द्या.