साबणाची वडी कापली तर मेंदू कुजत नाही

साबणाची वडी कापताना, मळलेला गालिचा धुताना, दोन रंग एकजीव होताना दाखवणारे छोटे व्हिडिओ बघणाऱ्यांवर चिडलेला एक मेसेज सध्या आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. जळगावहून आला, शिरपूरहून आला, परवा पुण्यातल्या भाच्याने पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे वेड नवं आणि परदेशी, त्याने डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा स्फोट होऊन मेंदू कुजतो, नीट मांडलेल्या वस्तू बघून बरं वाटणं म्हणजे ओसीडी नावाचा मनोविकार, यातून शिकण्यासारखं काही नाही, आणि सगळं बनावट.

नवं? रेडिट या इंटरनेटवरच्या चर्चास्थळावर अशा दृश्यांचा मोठा समूह २०१३ पासून आहे, नवेपणा तेवढाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे करणाऱ्या बाईभोवती माणसं जमतात, ती काय बघतात? पुरण भरलेला उंडा ती दोन्ही हातांवर फिरवायला घेते. तो तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत येतो, पातळ होत जातो, आरपार उजेड दिसू लागतो. आता फाटणार असं वाटतं, तेवढ्यात तो पालथ्या खापरावर जाऊन बसतो. सुरकुतीसुद्धा नाही. मांडा ताटात येणारच असतो, तरी लोक बघायला थांबतात. नंदुरबारला पथारीवर मिरची सुकायला घातली की एसटीतला झोपाळू प्रवासीही खिडकीकडे मान वळवतो. हे त्याला कुठल्या मोबाइलने शिकवलं?

मेसेजवाल्याला खरी तक्रार करायचीच होती, तर इथे जागा होती. व्हिडिओत मांडा दिसतो, चुलीची धग दिसत नाही. लाल पथारी दिसते, मिरची खालीवर करणाऱ्या बायांचा ठसका आणि हातांची आग दिसत नाही. त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

डोपामिनचं प्रकरण जास्त रंजक आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींच्या नोंदी घेतल्या. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबरचा त्यांचा १९९७ चा शोधनिबंध आजही आधाराला घेतला जातो. फळाचा रस अचानक मिळाला की या पेशी जोरात चेततात. पण खुणेनंतर रस येतो हे माकडाला कळलं, की त्या खुणेलाच चेततात, आणि ठरल्याप्रमाणे रस आला तर त्या वेळी ढिम्म राहतात. रस चुकला तर उलट मंदावतात. म्हणजे त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजतात. साबणाचा शेवटचा तुकडा पडणार हे तर आपल्याला पहिल्या सेकंदालाच ठाऊक असतं. मग स्फोट कशाचा? माकडाच्या रसावरून माणसाच्या व्हिडिओवर थेट उडी मारू नये, हे खरं. मेसेजने मात्र कशाच्याही आधाराशिवाय उडी मारलीय.

पुढे काय येईल हे ठाऊक नसताना बोट सरकवत राहणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दलची काळजी मला पटते. कधीच न संपणारं ते सरकतं पान अझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. त्या पानावर साबण असो, क्रिकेट असो की निवडणुकीची भांडणं, रात्रीचा एक वाजतोच. यात साबणाचा काय दोष?

ओसीडी हा आजार आहे. नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात, ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, त्यात रोजचा तासाहून अधिक वेळ जातो किंवा जगणंच अडतं. रचलेले डबे बघून बरं वाटणाऱ्याला हे नाव चिकटवणं म्हणजे खऱ्या रुग्णाची थट्टा.

आता शिकण्याचं. ज्वारीच्या पिठाचा असा मांडा का होत नाही? गव्हात ग्लुटेन हे प्रथिन असतं, मळल्यावर त्याचं जाळं बनतं आणि ते ताणलं तरी टिकतं; ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीच्या कडेला चिरा जातात. हा प्रश्न नुसत्या बघण्यातूनच सुचतो. किंवा धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे जा. माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब, सरळसोट भिंती उभ्या दिसतील. आकाशातून घेतलेल्या चित्रात तर त्या पट्टीने आखल्यासारख्या वाटतात. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळत होता, त्या काळात जमिनीच्या भेगांत शिलारस शिरून गोठला. भोवतालचा खडक लवकर झिजला, भिंती राहिल्या. मग नजर दिशेवर जाते: यांतल्या बऱ्याच भिंती ढोबळमानाने पूर्व-पश्चिम, तापीच्या खोऱ्याला समांतर का? कारण भेगा ताणाच्या आडव्या पडतात, आणि इथलं भूकवच उत्तर-दक्षिण ताणलं जात होतं. सरळ रेघ बघून डोळ्याला बरं वाटलं नसतं, तर इतका वेळ तिच्याकडे कोण बघत बसलं असतं?

राहिला बनावटपणा. काचेची फळं कापणारे व्हिडिओ संगणकाने बनवलेले असतात, हे मान्य. पण मेसेजसोबत काळवंडलेल्या मेंदूचं जे चित्र येतं, त्यावरच्या मथळ्यातली जोडाक्षरं एकदा नीट बघा. एकही धड नाही. तेही संगणकानेच काढलंय.