दहा मिनिटांसाठी जरा येऊन जा

असा निरोप आला की 'कशाबद्दल?' असं चुकूनही विचारू नका. तक्रार काय आहे, आपल्याला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून, असल्या शंका खोटी माणसं काढतात. तुम्ही निर्मळ. कर नाही त्याला डर कशाला? हातातलं काम टाकून निघा.

वकिलाला तर मुळीच विचारू नका. वकील गाठला म्हणजे पाणी मुरतंय, हे जगानं केव्हाच ठरवून टाकलंय. शिवाय ऑफिसातलं प्रकरण असेल तर कंपनीचे वकील समोर असतातच की, आणि किती आपुलकीनं विचारपूस करतात! 'मी कंपनीचा वकील, तुमचा नाही. तुम्ही सांगाल ते गुप्त ठेवायचं की उघड करायचं, ते कंपनी ठरवेल,' असं काहीतरी ते सुरुवातीला पुटपुटतात. अमेरिकेत १९८१ च्या अपजॉन खटल्यापासून तशी पद्धतच पडलीय. विमानातल्या सुरक्षेच्या सूचना ऐकता तेवढ्याच लक्षपूर्वक ऐका आणि मन मोकळं करा.

प्रश्न विचारून साहेब गप्प बसले तर ती शांतता भरून काढणं तुमच्याकडे लागलं. 'नक्की आठवत नाही' हे खरं असलं तरी दुबळं दिसतं; तारीख, वार, वेळ ठोकून द्या. थोडी रंगसफेदीही चालेल. मार्था स्ट्युअर्ट या उद्योजिकेला २००४ मध्ये दोषी ठरवलं, ते शेअर विकल्याबद्दल नव्हे. त्या विक्रीबाबत तपास अधिकाऱ्यांना खोटं सांगितलं, तपासात अडथळा आणला, म्हणून. रोख्यांच्या फसवणुकीचा आरोप तर न्यायाधीशांनीच काढून टाकला होता. तरी पाच महिने तुरुंग. पण त्यांना बोलण्याची तुमच्यासारखी हातोटी नसावी.

घरी आल्यावर साफसफाई. मेसेज, मेल, फोटो, सगळं खोडा. समोरच्याच्या फोनमध्ये त्याच गोष्टी सुखरूप असतात, पण आपल्याला दिसेनाशा झाल्या की मनाला बरं वाटतं. तुमची बाजू सिद्ध करणारा एखादा मेल त्यात गेला तर जाऊ दे. संशोधनावर आक्षेप असेल तर जुने मसुदे फेकून द्या आणि प्रयोगवही नव्यानं लिहून काढा: वर्षभराच्या नोंदी, एका रात्रीत, एकाच पेनानं. अक्षर शेवटपर्यंत सुबक राहिलं पाहिजे. समितीला टापटीप आवडते.

मग तक्रारदाराला एकट्याला गाठून समजूत घाला. पहिल्या तक्रारीत दम नसला तरी 'दबाव आणला' ही दुसरी भक्कम उभी राहते. सहकाऱ्यांनाही एकेकाला बाजूला घेऊन सगळं सांगा, प्रत्येकाला थोडं वेगळं. साक्षीदारांची वाण पडायला नको.

जबाब समोर आला की न वाचता सही करा. वाचायला मागणं म्हणजे लिहिणाऱ्यावर अविश्वास. दमला असाल तर म्हणतील ते कबूल करून मोकळे व्हा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्कार प्रकरणात १९८९ मध्ये १४ ते १६ वर्षांच्या पाच मुलांकडून तासन्‌तास चौकशी करून असेच कबुलीजबाब मिळवले होते. खरा गुन्हेगार पुढे आला, डीएनए जुळला आणि २००२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. म्हणजे न्याय मिळतोच. तेरा वर्षं काय, चुटकीसरशी जातात.

निघताना दहा मिनिटांचे चार तास झालेले असतील. तरी दारात थांबून आवर्जून म्हणा, 'आणखी काही लागलं तर कळवा हं.'

कळवतील.