नव्वद लाख चेटकिणींचा मेसेज

माझी भाची नववीत आहे. तिच्या इतिहासाच्या प्रकल्पात परवा हे वाक्य वाचलं: ‘मध्ययुगात चर्चने पृथ्वी सपाट असल्याचं शिकवलं, शवविच्छेदनावर बंदी घातली, राजांना बोटावर नाचवलं आणि ९० लाख चेटकिणी जाळल्या.’ फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने जसाच्या तसा उतरवला होता. मोठी माणसं पुढे ढकलतात आणि मुलं ते खरं धरून वहीत लिहितात, म्हणून आता एकदा उत्तर देतेच.

सपाट पृथ्वी? साफ खोटं. तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्कोच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात पृथ्वी गोलच आहे, आणि ते युरोपच्या विद्यापीठांत पुढे कित्येक शतकं शिकवलं गेलं. कोलंबसशी पंडितांचा वाद झाला तो पृथ्वी किती मोठी यावर, आणि त्यात चुकला कोलंबसच.

शवविच्छेदनाचंही तेच. इटलीतल्या बोलोन्यात मोंदिनो हा वैद्यकाचा शिक्षक चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेतं उघडून शिकवत होता. पोप आठव्या बोनिफेसने १२९९ मध्ये मनाई केली ती दूरदेशी मेलेल्यांचे देह तोडून, उकळून हाडं घरी नेण्याच्या प्रथेला.

आता ते ९० लाख. अठराव्या शतकात क्वेडलिनबुर्ग नावाच्या जर्मन गावातल्या एका अधिकाऱ्याने तिथल्या दप्तरातले मोजके खटले घेतले आणि त्यांचा गुणाकार करून अख्ख्या युरोपाचा आकडा काढला. एवढाच याचा पाया! ब्रायन लेवॅक या इतिहासकाराने खटल्यांची उपलब्ध नोंद तपासून मृत्युदंडांचा अंदाज दिला आहे सुमारे ४५ हजारांचा. पंचेचाळीस हजार जीव म्हणजे भयंकरच, त्यांना भयंकर ठरवायला दोनशे पटींनी फुगवावं लागत नाही.

शिवाय हे बहुतांशी मध्ययुगात घडलेलंच नाही. छळाचा कळस झाला साधारण १५६० ते १६५० या काळात, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही मुलखांत, आणि शिक्षा बहुतेक ठिकाणी राजाच्या किंवा गावच्या न्यायालयांनी दिल्या. रात्री बायका उडत जातात हा भ्रम आहे, असं दहाव्या शतकातला चर्चचाच एक नियम सांगतो. स्पेनच्या इन्क्विझिशनमधल्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयातल्या, सालाझारने १६११-१२ मध्ये गावोगाव फिरून कबुलीजबाब तपासले आणि जादूटोण्याचा एकही पुरावा नसल्याचं वरिष्ठांना कळवलं.

मग चर्च निर्दोष? मुळीच नाही. १४८४ मध्ये पोप आठव्या इनोसंटने चेटकीण-शोधाला पाठबळ दिलं, आणि सतराव्या शतकात जर्मनीतल्या बामबर्ग, व्युर्त्सबुर्गमध्ये माणसं जाळली गेली तेव्हा तिथे राज्यच बिशपांचं होतं. एवढं कबूल करायलाच हवं. पण सगळं एका संस्थेवर ढकललं की मूळ तक्रारदार सुटतात, आणि ते बहुतेक शेजारीपाजारीच होते. आपल्या नंदुरबारकडच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवणारेही शेजारी आणि भाऊबंदच असतात. या मेसेजचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचसाठी.

राजांना नाचवण्याचं म्हणाल तर अर्धंच खरं आहे. १०७७ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस थंडीत पोप सातव्या ग्रेगरीच्या क्षमेसाठी थांबला, हे खरं. त्याच हेन्रीने १०८४ मध्ये रोम घेतलं, आपला पोप बसवला आणि ग्रेगरी परागंदा होऊन सालेर्नोत मेला. १३०३ मध्ये तर फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी पोप आठव्या बोनिफेसला त्याच्याच वाड्यात कैद केलं.

मध्ययुगीन चर्चवर आरोपच करायचा असेल तर बेझिएचा करा. १२०९ मध्ये पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाने दक्षिण फ्रान्समधलं हे शहर कापून काढलं. जवळपास वीस हजार माणसं मारली, वय किंवा स्त्री-पुरुष असं काही पाहिलं नाही, असं खुद्द पोपच्या प्रतिनिधीने त्याला पत्रात कळवलं. मेसेजमध्ये बेझिएचं नावही नाही.