‘हक्क गुन्हेगारांनाच लागतात’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरत आला. थोडक्यात असा: न्यायालयं हक्कांच्या नावाखाली गुन्हेगारांना पाठीशी घालतात, सरळमार्गी माणसाला या हक्कांची गरजच पडत नाही, निवडून न आलेले न्यायाधीश सरकारचे हात बांधतात, आणीबाणीत मात्र हेच गप्प बसले, बाकी काय, तारखांवर तारखा. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. नाही पटलं.

आधी तो सरळमार्गी माणूस. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं. पोलिसांनी दोघींना अटक केली. हो, अंगठा दाखवणारीलाही! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं गेलं. संदेश कुणाला त्रासदायक वाटला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक म्हणजे काय, ते कायद्यात कुठेच नाही. श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम अख्खं रद्द झालं. ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ सगळ्या पक्षांना आणि न्यायाधीशांनाही झोडपणारे आमचे काका याच निकालाच्या आडोशाला बसून टाइप करतात. (रद्द झालेल्या कलमाखालीही गुन्हे नोंदवले जातच होते, २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याची बाजू जरा भक्कम झाली असती.)

आता ‘गुन्हेगार’. पोलिसांनी उचलला तो गुन्हेगारच, हे मेसेजने परस्पर ठरवून टाकलंय. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांशी बोलून पाहिलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. १९८३ च्या निकालाने महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलिसांचा पहारा, अटक झाली की नातेवाइकांना खबर, असं बरंच काही बंधनकारक केलं. १९९६ चा डी. के. बसू निकालही पत्रातूनच आला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे त्यातले नियम. उद्या पार्किंगच्या भांडणात शेजारच्याने खोटी तक्रार दिली आणि मेसेज पाठवणाऱ्यालाच गाडीत घातलं, तर घरच्यांना जो फोन येईल तो याच नियमांमुळे. पाळले जातात का सगळीकडे? नाही. पण नियमच नसता तर मोडला म्हणून तक्रार तरी कशाची करणार?

निवडून न आलेल्यांचं म्हणाल, तर ती घटनाकारांची चूक नव्हे, योजना आहे. हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठू देणाऱ्या अनुच्छेद ३२ ला बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. मताधिक्य ज्याच्या बाजूने आहे त्याला या दाराची फारशी गरज नसतेच.

आणीबाणीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि झोंबणारा. अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या, म्हणजे खटल्याविना डांबलेल्यांच्या, याचिका ऐकण्याची तयारी दाखवली होती, पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. विरोधात गेले एकटे न्या. एच. आर. खन्ना, पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. मेसेज इथेच थांबतो, गोष्ट थांबत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरवलं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निकाल पुसला. तो चूक होता हे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

राहिल्या तारखा. इथे मी वाद घालत नाही. शिक्षेच्या मुदतीपेक्षा जास्त काळ खटल्याविना तुरुंगात पडलेल्या बिहारमधल्या कैद्यांसाठी १९७९ मध्येच न्यायालयाने लवकर सुनावणी हा मूलभूत हक्क ठरवला, तरी कच्च्या कैद्यांनी तुरुंग भरलेलेच आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम ४७९ वाचा. कमाल शिक्षेचा निम्मा काळ, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, आत गेला असेल तर सुटकेसाठी न्यायालयाला कळवायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणखीही अपवाद आहेत; ते वकिलाला विचारा.